समुद्राचा तळ सरकला, हे पाण्यावरून कसे मोजतात?
कोयनेचे हादरे अनुभवलेल्या आम्हा कोल्हापूरकरांना जमिनीची हालचाल नवी नाही. जमिनीवर ती जीपीएसने मोजता येते, परंतु त्याचे रेडिओतरंग समुद्राच्या पाण्यात खोल जात नसल्याने तळाचे मोजमाप ध्वनीवर सोपवावे लागते. जहाजाचे स्थान जीपीएसने निश्चित करून तेथून तळावरील ट्रान्सपॉन्डरांकडे, म्हणजे संकेत मिळताच उत्तर देणाऱ्या उपकरणांकडे, ध्वनिसंकेत पाठवतात आणि उत्तर परतण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढतात. खरी मेख ध्वनीच्या वेगात आहे: तो सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असला, तरी तापमान, क्षारता व दाब यांनुसार बदलतो, आणि एकेरी प्रवासाच्या वेळेत एक सहस्रांश सेकंदाची चूक म्हणजे तब्बल दीड मीटरचा घोळ. तरीही २०११ च्या तोहोकु भूकंपानंतर केंद्राजवळचा तळ सुमारे २४ मीटर सरकल्याचे जपानी तटरक्षक दलाने याच पद्धतीने दाखवले.