दिवसभर घराबाहेर असतो, कुत्र्यासाठी ऑटोमॅटिक फीडर घ्यावा का?

ऑफिसच्या वेळेपुरता हवा असेल तर जरूर घ्या. दोन-तीन दिवस गावाला जाताना कुत्र्याला त्याच्या भरवशावर सोडणार असाल तर अजिबात नको. यंत्र खाणं देतं. ते खाल्लं का, उलटी झाली का, हे बघायला माणूसच लागतो.

फीडरमध्ये फक्त कोरडं खाणं घाला. ओलं किंवा घरचं शिजवलेलं अन्न काही तासांतच खराब होतं, शिवाय यंत्रात अडकतं ते वेगळंच.

खरी गडबड होते ती मापात. बहुतेक फीडर वजनावर नाही, आकारमानावर चालतात. त्यामुळे एका 'पोर्शन'मध्ये नेमके किती ग्रॅम पडतात ते किचनच्या काट्यावर पाच-सहा वेळा मोजा आणि सरासरी धरा. दाण्यांचा ब्रँड बदलला की पुन्हा मोजा, कारण दाण्याचा आकार बदलला की वजनही बदलतं. हे न केल्यानेच कुत्री हळूहळू जाड होतात, आणि मालक म्हणतो, 'मी तर मोजूनच देतो!'

वीज गेली तरी चालेल असा, बॅटरी बॅकअप असलेलाच घ्या. कुत्रा दांडगा असेल तर फीडर भिंतीला टेकवून पक्का बसवा. पाडला की खाणं सांडतं हे त्यांना फार लवकर कळतं. घरात दोन कुत्री असतील तर एका फीडरवर भांडणं ठरलेली. सुरुवातीचे काही दिवस तुम्ही घरी असतानाच चालवून बघा. पाण्याची सोय अर्थातच वेगळी.