संपलेल्या मोठ्या प्रकल्पातून धडे घ्यायला सिस्टिम मॉडेलिंगचा खरंच उपयोग होतो का?

हो, आणि नेहमीच्या आढावा बैठकीपेक्षा जास्त होतो. सिस्टिम मॉडेलिंग म्हणजे कामाच्या वेगवेगळ्या भागांचा एकमेकांवर होणारा परिणाम आकड्यांत मांडून संगणकावर चालवून पाहणं. बैठकीत 'मागण्या सारख्या बदलल्या', 'माणसं कमी पडली' अशी कारणं निघतात. पण कशामुळे नेमका किती उशीर झाला, एका कारणाने दुसरं कसं वाढवलं, हे कळत नाही.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. १९७० च्या दशकात इंगल्स शिपबिल्डिंगने नौदलासाठी बांधलेल्या जहाजांचा खर्च प्रचंड वाढला. नौदलाने सुचवलेल्या बदलांचा त्यात वाटा किती, यावर वाद पेटला. तेव्हा सिस्टिम डायनॅमिक्सचं (कारणं आणि परिणाम काळानुसार एकमेकांना कसे वाढवतात हे दाखवणाऱ्या पद्धतीचं) मॉडेल आधी प्रत्यक्ष घडलेल्या आकड्यांशी जुळवून घेतलं, मग त्यातून नौदलामुळे आलेले अडथळे काढून तेच काम पुन्हा चालवून पाहिलं. दोन्हींतला फरक म्हणजे त्या अडथळ्यांची किंमत. १९७८ मध्ये ४४.७ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

या मॉडेलचा गाभा होता पुन्हा कराव्या लागणाऱ्या कामाचं चक्र. 'झालं' म्हणून नोंदलेल्या कामातल्या चुका उशिरा सापडतात, तोवर त्यांच्यावर पुढचं काम उभं राहिलेलं असतं. मग ओव्हरटाइम, घाईने घेतलेली नवखी माणसं, दमलेली जुनी माणसं, आणि आणखी चुका. माझ्या मते बहुतेक फसलेल्या प्रकल्पांत पहिल्यांदा हेच तपासावं.

सुरुवातीला सॉफ्टवेअर कोणतं, हा प्रश्न गौण आहे. जुन्या नोंदींतून दर महिन्याचं काम, माणसं आणि चूक केव्हा झाली, केव्हा सापडली एवढं काढा. यातली चुकांची नोंद अनेकदा ठेवलेलीच नसते; चालू प्रकल्पात ती आजच सुरू करा.