घरच्या कॉम्प्युटरसाठी एएमसी घ्यावी का?

तुम्ही पुण्यात, आईबाबा नाशिकला इंदिरानगरमध्ये, आणि दुरुस्तीला आलेला माणूस एएमसीचे, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या कराराचे, ३,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,१३० रुपये मागतोय. भरावेत का, असं विचारलंय तुम्ही. माझं मत विचाराल तर आत्ता भरू नका. आधी करारात काय धरलंय ते कागदावर मागा.

एएमसी दोन तऱ्हेची असते. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये सुटे भागही येतात. दुसरीत फक्त माणूस येतो, भागांचे पैसे वेगळे. मी पाहिलेल्या घरगुती एएमसी सगळ्या दुसऱ्या तऱ्हेच्याच होत्या.

गंगापूर रोडला असताना मीही दोन वर्षं भरली. पहिल्या वर्षी बोलवायची वेळच आली नाही. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये तीन आठवडे गावी राहून आलो. बटण दाबलं तर पंखा फिरतोय, स्क्रीन काळी, आतून लांब बीप. फोनवर "उद्या पाठवतो", आणि पोरगा आला चौथ्या दिवशी. पाच मिनिटं बघून म्हणाला, "मदरबोर्ड गेला, तो एएमसीत येत नाही." साडेसहा हजार सांगितले. मन मानेना, म्हणून पंचवटीतल्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्यांना बोलावलं. त्यांनी आधी प्लग काढला, रॅमची पट्टी उपसली आणि तिच्या सोनेरी दातांवर मुलीच्या कंपासमधला खोडरबर दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने फिरवला. रबराचा चुरा काळा निघाला. तो ब्रशने झटकला, फुंकर मारू दिली नाही. पट्टी टक् आवाज येईपर्यंत दाबली, मशीन सुरू! नाशिकच्या पावसात बंद राहिलेल्या मशीनला हा त्रास होतो. ३०० रुपये घेतले आणि मला शिकवूनही गेले.

तुम्ही लिहिलंय की मशीन हळू चालते, विंडोज १० आहे. त्यावर कितीही व्हिजिट झाल्या तरी उपयोग नाही. साधी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी (तिच्याहून खूप वेगवान डिस्क) टाका, फरक पहिल्याच दिवशी दिसेल. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. तो नसेल तर एएमसीचे पैसे नव्या मशीनसाठी ठेवा.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या बाबांच्या सोसायटीच्या हिशोबाची. "फॉरमॅट मारावा लागेल", म्हणजे डिस्क पुसून विंडोज पुन्हा टाकावं लागेल, हे वाक्य कानावर आलं की आधी विचारायचं, डेस्कटॉपवरच्या फायली कुठे ठेवताय? शेजारच्या काकूंनी विचारलं नाही. त्यांचं अकरा वर्षांचं लेखन सी ड्राइव्हवर होतं, ते गेलं. जे दुसऱ्या ड्राइव्हवर वाचलं, ते जुन्या मराठी फॉन्टमधलं; फॉन्ट पुन्हा टाकेपर्यंत नुसती चिन्हं दिसत होती. कुठलीही एएमसी हे भरून देत नाही. म्हणून पहिला खर्च बाहेरून लावायच्या हार्ड डिस्कचा करा, आणि दर महिन्याला हिशोब त्यावर कॉपी करून डिस्क कपाटात ठेवायला सांगा. दुसरा खर्च यूपीएसच्या बॅटरीचा. ती दोन-तीन वर्षांत उतरते, आणि मग लाइट गेली की मशीन धाडकन बंद पडते.

तरी एक बाजू आहे. आईबाबा एकटे आहेत, अनोळखी माणूस घरात घ्यायला घाबरतात. ओळखीचा एकच माणूस येणार असेल तर त्या भरवशासाठी पैसे मोजायला माझी ना नाही. मात्र किती तासांत येणार, वर्षात किती वेळा, प्रिंटर आणि यूपीएस धरलाय का, मशीन दुकानात नेली तर पोच मिळेल का, हे लिहून घ्या. पक्कं बिलही घ्या. पुढे टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करताना तेच कामी येतं.

त्या माणसाचा नंबर मोठ्या अक्षरात कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर चिकटवा. "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, एनीडेस्क टाका" असा फोन आला तर बाबांनी सरळ ठेवून द्यावा; एनीडेस्कने समोरचा दुरून आपली मशीन चालवू शकतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावायची. तोही नंबर त्याच कागदावर लिहा.

मशीन कुठल्या साली घेतलीय आणि प्रोसेसर कोणता, ते कळवा. एसएसडी टाकण्यात अर्थ आहे का, ते मग नेमकं सांगतो.