दातांचा छोटा दवाखाना: वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न: माझा दोन खुर्च्यांचा दवाखाना आहे. साध्या उभ्या ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) अवजारे कागद-प्लास्टिकच्या पाऊचसकट काढतो. पाऊचवरच्या खुणेचा रंग बदलतो, पण पाऊच पुष्कळदा ओले निघतात. क्लास बी (आतली हवा पंपाने काढणारे) यंत्र घेण्यावाचून पर्याय नाही का?
– दंतवैद्य, तासगाव

उत्तर: बाहेरच्या खुणेचा रंग बदलला, की तो पाऊच यंत्रातून जाऊन आला एवढेच समजते. आतले जंतू मेले का, हे त्यावरून कळत नाही. ओला निघालेला पाऊच तर निर्जंतुक धरूच नका. ओल्या कागदातून हाताचे, टेबलाचे जंतू सहज आत झिरपतात. ती अवजारे नव्या पाऊचमध्ये घालून पुन्हा लावा.

ओलेपणाचे कारण बहुतेक वेळा भरण्याच्या पद्धतीत असते. पाऊच एकावर एक आडवे रचू नका, उभे लावा. एकाची कागदी बाजू दुसऱ्याच्या प्लास्टिककडे येऊ द्या आणि मध्ये बोटभर जागा सोडा. सुरुवातीला झडपेतून वाफेची सलग धार काही मिनिटे जाऊ द्या, मगच ती बंद करा. आत अडकलेली हवा वाफेला अवजारापर्यंत पोहोचू देत नाही. पाऊचमधल्या अवजारांना १२१ अंश सेल्सियस आणि १५ पौंड दाबावर ३० मिनिटे द्या, आणि ही वेळ तापमान गाठल्यानंतरच मोजा. दाब उतरल्यावर झाकण किंचित उघडे ठेवून पाऊच आतच कोरडे होऊ द्या. घाईने बाहेर काढलेला गरम पाऊच थंड ओट्यावर ठेवला की हमखास ओला होतो.

आरसे, प्रोब, फोर्सेप्स यांच्यासाठी एवढ्यावर भागते. हँडपीसच्या (दात कोरायच्या फिरत्या यंत्राच्या) बारीक नळ्यांतली हवा मात्र साध्या यंत्रात पुरती निघत नाही. क्लास बी यंत्र वाफ सोडण्याआधी पंपाने ती हवा अनेकदा खेचून घेते. म्हणून हँडपीस आणि इम्प्लांटची कामे जास्त असतील तर नव्या खुर्चीआधी हे यंत्र घ्या. हँडपीस स्पिरिटने पुसून पुढच्या रुग्णाला वापरणे सर्वस्वी चूक आहे. हँडपीसमधले फिरते चक्र (टर्बाइन) थांबताना लाळ आत ओढली जाते, आणि तिथवर स्पिरिट पोहोचत नाही. दर रुग्णाला निर्जंतुक हँडपीस मिळेल इतके नग विकत घ्याच. ऑटोक्लेव्हआधी तेल द्या आणि क्षणभर फिरवून जादा तेल काढून टाका.

आठवड्यातून एकदा जीवाणू-बीजाणूंची चाचणी करा. जिवंत बीजाणूंची कुपी अवजारांसोबत यंत्रात घाला आणि नंतर उबवा. बीजाणू जिवंत राहिले तर तिचा रंग बदलतो. त्याच लॉटची एक कुपी यंत्रात न घालता शेजारी उबवा. तिचा रंग बदलला पाहिजे आणि यंत्रातून काढलेलीचा बदलता कामा नये. दोन्ही तशाच राहिल्या तर चाचणीच बाद समजा. यंत्रातलीचा रंग बदलला, तर यंत्र बंद ठेवून त्या आठवड्याचे उरलेले सगळे पाऊच परत घ्या. ते ओळखू यावेत म्हणून प्रत्येक पाऊचवर तारीख आणि फेरीचा क्रमांक हवा. यूव्ही पेटी अवजारे साठवायला ठीक, पण ती निर्जंतुक करत नाही.

प्रश्न: शस्त्रक्रियेसाठी ५०० मिलीची सलाइनची बाटली उघडली की निम्मी उरते. झाकून दुसऱ्या दिवशी वापरली तर काय बिघडते?
– दंतवैद्य, जालना

उत्तर: तामिळनाडूतल्या वाणियंबाडीत काय बिघडले ते पाहा. तिथल्या एका दंत दवाखान्याशी जोडलेल्या मेलिओइडोसिसच्या (माती-पाण्यातल्या जीवाणूमुळे होणाऱ्या रोगाच्या) संसर्गाने २०२३ मध्ये रुग्ण दगावले. अवजाराने उघडून, सैल झाकून पुन्हा वापरलेल्या सलाइनकडे तपासाने बोट दाखवले. सलाइनमध्ये जंतू मारणारे काहीच नसते. १०० मिलीच्या बाटल्या मागवा. एक रुग्ण, एक बाटली, उरलेले सिंकमध्ये.

भुलीच्या ३० मिलीच्या बाटलीलाही दर वेळी नवी सुई आणि नवी सिरिंज लावा. त्याच रुग्णाला दुसऱ्यांदा भूल भरायची असली तरीही. बाटलीत सुई खोचून ठेवण्याची सवय आजच मोडा. उघडल्याची तारीख लिहा आणि जास्तीत जास्त २८ दिवसांनी टाका. कंपनीने कमी मुदत दिली असेल तर ती पाळा. शेजारीच रूट कॅनाल धुण्याचे जंतुनाशक, हायपोक्लोराइट, बिनलेबलच्या सिरिंजमध्ये भरलेले असते. ते भूल समजून टोचले तर पेशी जळतात, गाल झपाट्याने सुजतो. त्याची सिरिंज वेगळ्या आकाराची, लेबल लावलेली आणि वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा.

खुर्चीच्या नळ्यांतले पाणी शस्त्रक्रियेला वापरू नका. साध्या कामातही दोन रुग्णांमध्ये हँडपीस आणि स्केलरमधून (दातांवरचा थर काढायच्या यंत्रातून) २० ते ३० सेकंद पाणी वाहू द्या. मात्र आतल्या भिंतींवरचा बुळबुळीत थर याने निघत नाही. त्यासाठी कंपनीने सांगितलेले जंतुनाशक ठरल्या दिवशी सोडावे लागते.

प्रश्न: मी दवाखान्यात असिस्टंट आहे. सुईला टोपण लावताना बोटाला टोचली. डॉक्टर म्हणाले, स्पिरिट लाव, काही होत नाही. आता काय करू?
– सावंतवाडी

उत्तर: ताई, पत्र छापून येईपर्यंत वेळ निघून गेलेली असेल. तरीही आधी सरकारी रुग्णालयात जाऊन तपासण्या करून घ्या, आणि पुढच्या वेळेसाठी हे लक्षात ठेवा. बोट पिळू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा, स्पिरिट नको. लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे शक्यतो दोन तासांत सुरू व्हावीत, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही. त्या रुग्णाची संमती घेऊन त्याचीही तपासणी करायची. हेपटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी असते. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडे १० mIU/ml किंवा जास्त आहेत का, ते तपासून घ्या. लसीचा खर्च मालकाने करायचा आहे, तुम्ही नाही.

मूळ चूक डॉक्टरांच्या व्यवस्थेत आहे. ज्याने सुई वापरली त्यानेच ती तिथल्या तिथे सुई कापायच्या कटरमध्ये टाकावी. टोपण लावायलाच लागले तर ते ट्रेमध्ये ठेवून एका हाताने सुईवर घ्यावे, दुसरा हात लांब.

प्रश्न: काढलेले दात, हातमोजे, सक्शनच्या नळ्या कोणत्या पिशवीत?
– दंतवैद्य, कणकवली

उत्तर: दात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या, हातमोजे आणि नळ्या लाल, सुया व ब्लेड पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करा. चांदी (पारा मिसळलेले अमाल्गम) भरलेला दात मात्र पिवळ्या पिशवीत नको. ती पिशवी जाळायला जाते आणि पाऱ्याची वाफ हवेत मिसळते. असे दात हवाबंद बाटलीत वेगळे ठेवा आणि कचरा नेणाऱ्या संस्थेला तसे सांगूनच द्या. दात, रक्ताचा कापूस असा पिवळ्या पिशवीतला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही. गाडी तीन दिवसांनी येत असेल तर संस्थेला लेखी कळवा आणि पत्राची प्रत रोजच्या नोंदवहीला जोडून ठेवा.