सहा वर्षांच्या गाडीचा विमा स्वस्तात मिळतोय तो घ्यावा का? आणि भर पावसात घरच्यांना घेऊन कोकणात जाताना काय सांभाळावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातली ११९७ सीसीची पेट्रोल गाडी, वय सहा वर्षं. विमा पुढच्या महिन्यात संपतोय. एजंट साडेअकरा हजार सांगतोय आणि ऑनलाइन 'तोच विमा' साडेसात हजारांत दिसतोय. शिवाय गणपतीला आईवडील आणि मुलांना घेऊन रत्नागिरीकडे जायचंय.

तो बहुधा 'तोच विमा' नाही, हे आधी लक्षात घ्या. थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं होणारं नुकसान भरून देणाऱ्या भागाचा हप्ता सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला जून २०२२ मध्ये ठरलेला दर ३,४१६ रुपये आहे, वर कर. हा आकडा कुठल्याही कंपनीकडे सारखाच येतो. म्हणजे चार हजारांचा फरक मुख्यतः तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात आहे, आणि तो बहुधा काहीतरी काढून घेतल्यामुळे पडतो. काय काढलंय ते शोधायला दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवून चार रकाने बघा: आयडीव्ही, अ‍ॅड-ऑन (जादा पैसे भरून घ्यायची संरक्षणं), एनसीबीची (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची सूट) टक्केवारी आणि स्वेच्छेने सोसायची रक्कम, म्हणजे व्हॉलंटरी डिडक्टिबल.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी जास्तीत जास्त रक्कम. पाच वर्षांपर्यंत तिचा घसारा ठरलेला असतो. त्यानंतर ती कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, आणि ऑनलाइन पडद्यावर ती मुद्दाम खालच्या टोकाला ठेवलेली असू शकते. समजा, तुमच्या गाडीला बाजारात आज चार लाख येतात आणि आयडीव्ही २ लाख ८० हजार लावलाय. चोरी झाली तर सव्वा लाखाच्या आसपास तिथेच गेले. दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. चार लाखांवर ही रेघ तीन लाखांना येते, २ लाख ८० हजारांवर २ लाख १० हजारांनाच. म्हणजे दुरुस्त होऊ शकणारी चांगली गाडी कमी आयडीव्हीमुळे भंगारात निघू शकते. आयडीव्ही बाजारभावाच्या जवळ ठेवा. त्यापेक्षा जास्त ठेवण्यातही अर्थ नाही, नुसता हप्ता वाढतो.

आता सुट्या भागांचा घसारा. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला धातूच्या भागांवर ४० टक्के आणि प्लास्टिक, रबर, बॅटरी यांवर ५० टक्के कापले जातात. काचेवर काही कापत नाहीत. समोरून धडक बसली आणि ६,००० चा बंपर, ८,००० चं बॉनेट, ७,००० ची पुढची काच बदलली, तर २१,००० पैकी ३,००० अधिक ४,८०० अधिक ७,०००, म्हणजे १४,८०० मान्य होतात. त्यातून १,००० रुपये सक्तीची वजावट. हातात १३,८००, रंगकामातली कपात वेगळीच. हा खड्डा झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं अ‍ॅड-ऑन, भरून काढतं, पण पाच वर्षांनंतर सगळ्या कंपन्या ते देत नाहीत. काही देतात, बहुधा आधीच्या वर्षीही ते घेतलेलं असेल तरच. एजंटच्या कोटेशनमध्ये ते असेल, तर जादा पैशांचं कारण तिथेच सापडेल.

झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने बिघडलेल्या इंजिनासाठीचं अ‍ॅड-ऑन) यांतलं एकच परवडत असेल, तर कोकणात जाणाऱ्या माणसाने इंजिन प्रोटेक्ट घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पूर, दरड, वादळ हे सगळं साध्या फुल इन्शुरन्समध्ये येतं. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी शिरलं, तसं पाणी उभ्या गाडीत शिरलं तर सीट, वायरिंग, गालिचे यांचा खर्च त्यातून मागता येतो. पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला गेल्यामुळे फुटलेलं इंजिन त्यात येत नाही. हवेच्या फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला माणूस, इंजिन उघडून तो वाकलेला रॉड बघतो आणि लिहितो की हे नुकसान पुरामुळे नव्हे, पुरानंतर चावी फिरवल्यामुळे झालं. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली की चावी किंवा स्टार्टचं बटण यांना हातच लावायचा नाही. पाण्याचा जोर नसेल तर गाडी न्यूट्रल करून ढकलत कोरड्यावर आणा, बॅटरीची वायर काढा, फोटो काढा आणि टोइंग मागवा. धक्का मारून स्टार्ट करणं हाही तोच प्रकार. इंजिन प्रोटेक्ट घेतलेलं असलं तरी हाच नियम पाळा, कारण वारंवार सुरू करायचा प्रयत्न केला असेल तर तिथेही वाद घातला जातो.

एनसीबीबद्दल. क्लेम न घेतल्यास ही सूट २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी चढते, आणि ती फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते. तुम्ही ५० वर असाल आणि क्लेम घेतलात तर पुढच्या नूतनीकरणाला शून्य. मग पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या. दर वर्षीचा तोटा ५०, ३०, २५, १५, ५ टक्के, एकूण १२५ टक्के. मूळ हप्ता ८,००० धरला तर पाच वर्षांत जवळपास १०,००० रुपये. हप्ता वर्षागणिक उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा कमी. थोडक्यात, दार घासलं, पाच-सहा हजारांचं डेंटिंग-पेंटिंग आहे, तर खिशातून करा. तीस हजारांचं काम असेल तर बेलाशक क्लेम घ्या.

ऑनलाइन फॉर्मवर 'गेल्या वर्षी क्लेम घेतला होता का' या प्रश्नाला घाईत 'नाही' केलं जातं आणि हप्ता एकदम उतरतो. क्लेम घेतलेला असताना असं केलंत, तर नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते आणि नेमकी गरज पडते तेव्हा क्लेम अडतो. साडेसात हजारांचं कोटेशन असंच आलंय का, ते आजच बघा.

तारीख चुकवू नका. विमा एका दिवसाने जरी संपला तरी गाडीची तपासणी करून घ्यावी लागते, आणि ९० दिवस उलटले की एनसीबी जाते. मधल्या काळात दंड दोन हजारांचा आहे, पण खरी भीती दंडाची नाही. कोणी दगावलं तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई तुमच्या घरातून जाते.

घरच्यांचं काय? नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर खासगी गाडीत बसलेल्या आईवडिलांची जखम त्यात आपोआप येत नाही. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे फुल इन्शुरन्समध्ये, गाडीतल्या प्रवाशांबाबतची जबाबदारी येते. १५ लाखांचं सक्तीचं अपघात संरक्षण फक्त आरसीवर नाव असलेल्या मालकाला आहे, तेही त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तर. गाडी तुमच्या नावावर आणि चालवते पत्नी, तर तिला ते लागू नाही. प्रवाशांसाठी प्रत्येकी दोन लाखांपर्यंतचं वेगळं संरक्षण थोड्या पैशांत मिळतं, ते घ्या. वडील आलटून पालटून चालवणार असतील तर त्यांच्या लायसन्सची मुदत बघा. पंचावन्न वर्षांनंतर ते पाच-पाच वर्षांनीच मिळतं, आणि संपलेलं लायसन्स क्लेम नाकारायला पुरेसं ठरतं. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन कोणाला बसवू नका, तेही तसंच.

आता रस्ता. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. तुमची गाडी सहा वर्षांची आहे, टायर मूळचेच असतील तर नक्षी दिसत असली तरी रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर ते पकड सोडतं. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, पण कोकणात जाताना ३ मिलिमीटरच्या खाली असेल तर मी बदलायलाच सांगेन. हवा टायर थंड असताना भरा, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. पाच माणसं आणि सामान असेल तेव्हाचा आकडा वेगळा दिलेला असतो. स्टेपनीतली हवाही बघून घ्या.

ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. कोरड्यावर पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर, पावसात सहा. साचलेल्या पाण्यावर स्टेअरिंग अचानक हलकं लागलं, तर टायर पाण्यावर तरंगतोय. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ धरा, ब्रेक मारू नका.

घाटात उतरताना दुसरा गियर. न्यूट्रलवर आणि इंजिन बंद करून गाडी सोडणं हा जीवघेणा कंजूषपणा आहे. इंजिन बंद झालं की ब्रेकची मदत संपते आणि पॅडल दगडासारखं होतं. अरुंद वळणावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. धुक्यात चारही इंडिकेटर लावून चालवू नका, वळायचंय की थांबायचंय ते मागच्याला कळत नाही. हेडलाइट खाली करून लावा. काचेवर वाफ धरली तर एसी सुरू करून बाहेरची हवा आत घ्या. वरंध घाट दरडींमुळे पावसाळ्यात बंद ठेवला जातो, निघण्याआधी चौकशी करा. पुलावरून पाणी वाहत असेल तर पुढची एसटी गेली म्हणून आपण जायचं नाही. तिचं वजन आणि आपलं वजन यांची बरोबरीच नाही. रस्त्यावरचं पाणी चाकाच्या मध्यापर्यंत दिसलं, तरी मागे फिरा.

मागच्या सीटवरच्यांनीही बेल्ट लावायचा. लहान मूल आईच्या मांडीवर सुरक्षित असतं, हा समज कृपा करून सोडा. ताशी ५० वर धडक बसली तर दहा किलोचं मूल कोणाच्याही हातात राहत नाही. चाइल्ड सीट बसवा.

आणि धडक झालीच तर आधी जखमी, मग गाडी. १०८ ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. गाडी हलवण्याआधी दोन्ही गाड्या, नंबरप्लेट, रस्त्याच्या खुणा यांचे फोटो काढा. कोणाला लागलं असेल तर चोवीस तासांत पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत गॅरेजला एकही भाग उघडू देऊ नका. रस्त्यावर मांडवली करून 'चूक माझी' असं लिहून देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय तशी कबुली देणं पॉलिसीच्या अटींत बसत नाही. क्लेम चुकीने नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याचं एक कार्यालय पुण्यातच आहे, फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीचा नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणून ते नकाराचं पत्र किंवा ईमेल जपून ठेवा.