कार्य ‘असतं’ की ‘होतं’?

प्रश्न असा आला आहे : ‘पुंज (क्वांटम) प्रणालीत कार्य ही निरीक्ष्य राशी नाही’ असं वाक्य वाचलं. म्हणजे कार्य मोजताच येत नाही, की भाषांतर फसलंय?

भाषांतर बरोबर आहे, घोळ ‘निरीक्ष्य’ या शब्दाने होतो. तो ऐकला की ‘पाहता येणारं’ एवढंच मनात येतं. पुंजयामिकीत अर्थ बराच काटेकोर आहे : जिला स्वतःचा ऑपरेटर (अवस्थेवर चालणारी गणिती क्रिया) आहे आणि जी एका क्षणी मोजता येते, अशी राशी. ऊर्जा तशी आहे. कार्य तसं नाही, हे टाल्कनर, लुट्झ आणि हेंगी या भौतिकशास्त्रज्ञांनी २००७ साली ठासून मांडलं.

गंमत म्हणजे आपली क्रियापदं हे आधीच सांगतात. ऊर्जा प्रणालीत ‘असते’, कार्य प्रणालीवर ‘होतं’ किंवा प्रणाली ते ‘करते’. ‘दहा ज्यूल कार्य साठवलंय’ असं लिहिणारे भेटतात; तिथे ‘ऊर्जा’च हवं. कार्य प्रक्रियेचं, अवस्थेचं नव्हे. म्हणून प्रणाली बाहेरच्या उष्णतेपासून अलग असली तरी मापनं दोन लागतात : आधीची ऊर्जा, नंतरची ऊर्जा, आणि मग वजाबाकी. त्यात पहिलं मापनच सुपरपोझिशन (अनेक ऊर्जा-अवस्थांचं एकत्र असणं) मोडतं! शिवाय प्रयोगाच्या दर फेरीला आकडा वेगळा, त्यामुळे ‘कार्य किती’पेक्षा ‘कार्याचं वितरण कसं’, म्हणजे कोणता आकडा किती शक्यतेने येतो, हे विचारणं सयुक्तिक.

उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाबद्दल लिहिताना ‘सरासरी’ हा शब्द गाळू नये. ठरावीक तापमानाच्या समतोलातून सुरुवात केली, तर प्रणालीवर होणारं सरासरी कार्य मुक्त ऊर्जेतल्या (त्या तापमानाला कार्यासाठी उपलब्ध असणाऱ्या ऊर्जेतल्या) फरकापेक्षा कमी नसतं. एखाद्या फेरीत ते कमी भरतं आणि ‘नियम मोडला’ असे मथळे येतात. मोडत काहीच नाही. कार्याचं वितरण आणि मुक्त ऊर्जेतला फरक यांना जोडणाऱ्या, जार्झिन्स्की यांच्या १९९७ च्या समीकरणात अशा फेऱ्या धरल्या तरच दोन्ही बाजू जुळतात.

जाता जाता, २००४ साली घडवलेल्या ‘एर्गोट्रॉपी’बद्दल. ग्रीक ‘एर्गोन’ म्हणजे काम; शेपूट भौतिकशास्त्रज्ञ क्लाउसिउसच्या १८६५ च्या ‘एंट्रॉपी’सारखं. बाहेरची नियंत्रणं शेवटी मूळ जागी आणून एखाद्या अवस्थेतून जास्तीत जास्त किती कार्य काढता येईल, ते ही राशी सांगते. ही मात्र ‘असते’, कारण ती अवस्थेवरून ठरते. हिला ‘कार्यक्षमता’ म्हणू नका. तो शब्द इंजिनांच्या ‘दिलेल्या उष्णतेपैकी किती कार्य मिळालं’ या गुणोत्तराकडे कधीच गेलाय. ‘एंट्रॉपी’ चालते तर ‘एर्गोट्रॉपी’ही चालावी. पहिल्यांदा येईल तिथे ‘काढता येण्याजोगं कार्य’ असा खुलासा जोडला की झालं.