तो अडीच हजारात यायलाय, मग मी काय करू?

कलावंतांचे प्रश्न : या महिन्यातली पत्रं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी लातुरात जादूचे प्रयोग करतो. वाढदिवस, जावळं, शाळांची गॅदरिंग, क्लासेसचे निरोप समारंभ, अशी कामं असतात. तासाभराच्या प्रयोगाचे सहा हजार घेतो. गेल्या दिवाळीपासून एक नवा मुलगा अडीच हजारात जायला लागला. माझी दोन ठरलेली गिऱ्हाइकं तिकडं वळली. परवा उदगीरच्या एका गृहस्थांनी फोनवर तोंडावरच विचारलं, "अहो, तो अडीच हजारात यायलाय, तुमचं एवढं कशाचं?" मला उत्तर सुचलं नाही. घरची म्हणते, तुम्हीही तीन हजार करा, काम तर येईल. काय करावं?
– एक जादूगार, लातूर

उत्तर : दादा, तीन हजार करायच्या आधी वही घेऊन बसा आणि वहिनींनाही शेजारी बसवा. उदगीरचीच तारीख धरू. लातूरहून जाऊन-येऊन १३० किलोमीटर. दोन पेट्या, घडीचं टेबल आणि स्पीकर मोटारसायकलवर मावत नाहीत, म्हणजे चारचाकी आली. तेलाचे १००० धरा. सोबतच्या पोराचे ८००. दोर, रुमाल, फुगे, जळणारा कागद, मुलांच्या हातावर ठेवायची चॉकलेटं, यांचे ४००. पेट्यांची झीज, स्पीकरची बॅटरी, कोटाची धुलाई, फोन, यांचे एका प्रयोगाला ५०० तरी निघतात. झाले २७००. सहा हजारात तुमच्या हातात ३३०० राहतात. तीन हजार केलेत तर ३००.

भाव निम्मा केला की कमाई निम्मी होईल असं वहिनींना वाटतंय. ती अकराव्या हिश्श्यावर येते. आज एका प्रयोगात जे घरी येतं, त्यासाठी अकरा वेळा उदगीर करावं लागेल. अकरा तारखा आणायच्या कुठून? आपल्याकडं सोयाबीन आडतीवर गेलं की लोकांच्या हातात पैसा खेळतो. डिसेंबर ते फेब्रुवारी गॅदरिंग, मग एप्रिल-मेची लगीनसराई, आणि पाऊस पडला की पेट्या माळ्यावर. कामाचे रविवार मोजकेच असतात. ते तीनशे रुपयांना देऊन टाकले की पुढच्या वर्षी नवी पेटी घ्यायला पैसा उरत नाही, जुनाच प्रयोग दाखवावा लागतो, आणि मग सहा हजार मागायला तोंडही राहत नाही.

हाच हिशोब लातूर शहरातल्या कामाचा करून बघा. तिथं तेलाचे २०० लागतात, वेळही निम्मा. शहरातला भाव वेगळा आणि उघड ठेवायला काहीच हरकत नाही. अर्ध्या तासाचा, सोबत्याशिवायचा, एका पेटीतला प्रयोग गावातल्या गावात साडेतीन हजाराला द्या. त्यात तुमचं नुकसान नाही. फक्त पैसे कमी घेताना कामही तेवढंच कमी करा, आणि काय कमी केलं ते आधी सांगा. पूर्ण तासाचा प्रयोग, पूर्ण सामान, आणि भाव मात्र ओढाताणीत उतरलेला, हे एकदा घडलं की सगळ्या गल्लीला कळतं. त्यापेक्षा एखाद्या अंगणवाडीत फुकट करा. मी बोलक्या बाहुल्यांचे खेळ परभणी, हिंगोली, जिंतूर, सेलूच्या शाळांतून करत आले. फुकट केलेला खेळ तिथले लोक अजून आपुलकीनं आठवतात. निम्म्या पैशात केलेला खेळ लोकांना फक्त भाव म्हणून लक्षात राहतो.

आता त्या मुलाविषयी. त्याचा प्रयोग तुम्ही पाहिलाय का? पत्रात तसं दिसत नाही. जाऊन बघा, मागच्या रांगेत बसा. माझ्या निम्म्या पैशात खेळ करणारा एक तरुण जिंतूरकडच्या शाळांत फिरत होता, तेव्हा मी मुद्दाम गेले होते. पोरगा हुशार होता. गळा चांगला होता, आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता. त्याच्या भावाचं कारणही तिथंच कळलं. घरी खाणारं कोणी नव्हतं, सोबत माणूस नव्हता, एकच बाहुली, आणि तीही एसटीतून मांडीवर घेऊन यायचा. त्याचा खर्चच कमी होता. त्याच्याशी भावात भांडून मी जिंकलेच नसते. पुढं लग्न झालं, हाताखाली माणूस आला, तसा त्याचा भाव आपोआप चढला. सगळेच असे चढत नाहीत. काही जण दोन वर्षांत थकून दुसरं काम धरतात. तुमचा तो मुलगा यातला कुठला, हे पाहिल्याशिवाय कळायचं नाही. आणि कोणापुढंही त्याला नावं ठेवू नका. वाढदिवसाच्या घरात कुणाची निंदा ऐकायची कुणाला हौस नसते.

आणखी एक तपासा. अडीच हजार हा आकडा खरा आहे का? कधी गिऱ्हाईक घासाघीस करायला म्हणून सांगतं. कधी इव्हेंटवाला घरच्यांकडून आठ हजार घेतो आणि पोराच्या हातावर अडीच टेकवतो. तसं असेल तर तो पोरगाही तुमच्यासारखाच नाडला जातोय, आणि घरच्यांना तुम्ही थेट सहा हजारात स्वस्तच पडता.

उदगीरच्या गृहस्थांना काय सांगायचं? भावाचं समर्थन करत बसू नका, आधी विचारा. मुलं किती? कोणत्या वयाची? कार्यक्रम गच्चीवर की हॉलमध्ये? केक आधी कापणार की प्रयोग आधी? लाईट गेली तर काय सोय? मुलाचा बाप फोनवर अडीच आणि सहा हजारांचा फरक बोलतो, पण त्याच्या पोटातली भीती वेगळी असते. पाहुणे येऊन बसलेत, केक कापून झालाय, पन्नास पोरं खुर्च्या पाडत पळतायत, आणि जादूगाराचा फोन लागत नाही. तुम्ही हे प्रश्न विचारलेत की त्याला कळतं की या माणसानं असे प्रसंग निभावलेत. मग सांगा, "मी अर्धा तास आधी हॉलवर असेन. माझा स्पीकर बॅटरीवर चालतो. सहा हजारात तास, सोबतीला माणूस. तुम्हाला कमीत बसवायचं असेल तर अर्ध्या तासाचाही प्रयोग आहे, येण्या-जाण्याचे पैसे धरून त्याचे एवढे होतील." एवढ्यावर तो नाही म्हणाला तर राग न ठेवता फोन ठेवा. फक्त भावच बघणारं गिऱ्हाईक उद्या तुमच्याकडून दोन हजारवाल्याकडं जाईल.

भावात न दिसणारी गोष्ट लोकांना डोळ्यांनी दाखवावी लागते. माझं उदाहरण देते. पहिल्या रांगेत दोन-अडीच वर्षांचं लेकरू हमखास असतं. बाहुलीनं अचानक मान वळवून त्याच्याकडं बघितलं की ते किंचाळतं, आई उठते, मागची रांग हलते आणि खेळ मोडतो. म्हणून बाहुली पेटीतून काढताना मी तिचं तोंड माझ्या खांद्याकडं ठेवते. ती आधी माझ्याशी कुजबुजते, मग त्या आईशी बोलते, "ताई, याला माझी भीती वाटतीय का? मलाच याची वाटतीय!" लेकरू आईच्या पदराआडून बघतं, मग हसतं, आणि शेवटी बाहुलीचा हात धरायला तेच पुढं येतं. तुमच्या प्रयोगातही अशी जागा असणार. लाजऱ्या मुलीला पुढं बोलावून तिच्याच मुठीतून रुमाल निघतो, त्या क्षणीचा तिचा चेहरा. आईवडिलांना विचारून एवढाच मिनिटाभराचा व्हिडिओ काढा आणि भाव विचारणाऱ्याला भावाच्या आधी तो पाठवा. पोस्टरवरच्या तुमच्या टोपीपेक्षा तो जास्त काम करील.

वाढदिवस दरवर्षी त्याच तारखेला येतो, ही तर तुमच्या धंद्याची मोठी सोय आहे. गेलेली दोन घरं सोडून देऊ नका. वहीत प्रत्येक मुलाचं नाव आणि तारीख लिहा, महिनाभर आधी फोन करा, "आरव आता सहाचा होईल ना? या वर्षी त्यालाच छोटा जादूगार करू." भावाची चौकशी सुरू व्हायच्या आधी तुमचा फोन गेलेला असला पाहिजे.

आणि सगळं वाढदिवसांवरच का? २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन, प्रत्येक शाळेला त्या आठवड्यात काहीतरी करायचं असतं. २०१३ साली आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. हवेतून अंगारा काढणं, नारळातून करणी काढणं, जिभेवर कापूर जाळणं, यामागची हातचलाखी आणि रसायनं तुमच्याइतकी कुणाला माहीत? आधी चमत्कार करायचा आणि मग तो उलगडून सांगायचा, असा प्रयोग बांधा. गावातल्या भोंदूला भुलणाऱ्या आयांपर्यंत तो मुलांच्या तोंडून पोचतो. हे काम पैशासाठी तर कराच, पण मला त्याचं मोल त्याहून जास्त वाटतं. मुख्याध्यापक भाव विचारतील, पण तुलना करायला त्यांच्याकडं दुसरं नाव नसेल.

ससा-कबुतराचं म्हणाल तर, कार्यक्रमात प्राणी वापरायचे तर २००१ च्या नियमांप्रमाणे भारतीय पशुकल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. तुमच्याकडं नसेल तर आजपासून जिवंत प्राणी काढून टाका. उकाड्यात पेटीत कोंबलेलं कबुतर बघून मुलं टाळ्या वाजवतात, पण त्याचा जीव जातो.

तारीख ठरली की व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवा. दिवस, वेळ, ठिकाण, रक्कम, इसार किती, तारीख मोडली तर इसार परत की नाही. समोरून "हो" आलं की मगच वहीत लिहा. तोंडी व्यवहारही कायद्यानं व्यवहारच असतो, पण भांडण झालं तर दाखवायला हातात काहीतरी लागतं.

प्रश्न : आम्ही गंगाखेडकडचे गोंधळी. आमच्याच भावकीतला पुतण्या तीन माणसांत, निम्म्या पैशात जागरण-गोंधळ उरकतो. आम्ही पाच जण जातो. पिढ्यान् पिढ्यांची घरं तुटायला लागलीत. वर एक इव्हेंटवाला आमच्या बिदागीतून जीएसटी म्हणून पैसे कापतो.
– एक गोंधळी, गंगाखेड

उत्तर : बाबा, पुतण्याला आधी घरी जेवायला बोलवा. भावकीतला भाव बाहेरच्यापुढं निघाला की यजमान दोघांनाही खेळवतो.

यजमानाला सुपारी घेतानाच सांगा की आम्ही चौक भरतो, घट मांडतो, तुळजापूरच्या भवानीपासून माहूरच्या रेणुकेपर्यंत सगळ्या देवतांना आवाहन करतो, गण होतो, आख्यान होतं, आरती होते. रात्रभराचा गोंधळ असेल तर संबळ सतत चालता ठेवायला आळीपाळीनं माणूस लागतो, दिवटीला माणूस लागतो, म्हणून पाच. ज्या घराला दोन तासांत उरकायचंय, त्या घराला पुतण्या तीन माणसांत पुरतो, तिथं त्यालाच जाऊ द्या. ज्या घरात म्हातारी आजी अजून आख्यानाचा शेवट ऐकल्याशिवाय उठत नाही, ते घर तुमचं आहे. मोठी तारीख आली की पुतण्यालाच सोबत घ्या, झांज-तुणतुण्याला त्याची माणसंही लागतील.

जीएसटीबद्दल नीट ऐका. लोककलेचं किंवा शास्त्रीय कलेचं संगीत, नृत्य, नाट्य सादर करणाऱ्या कलाकाराचं एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. शिवाय नुसत्या सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्याशिवाय नोंदणीच लागत नाही. तुमच्या बिदागीतून कापलेला पैसा कर म्हणून सरकारकडं जातोय का, याची पावती त्याच्याकडं मागा. पुढच्या वेळी रक्कम थेट यजमानाकडून घ्या.

प्रश्न : नांदेडमधल्या आम्ही सगळ्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी मिळून कमीत कमी भाव ठरवायचा विचार केलाय. जो त्याच्या खाली जाईल त्याला कुणी वादक द्यायचा नाही. बरोबर आहे ना?
– एक गायिका, नांदेड

उत्तर : एकजूट हवीच, पण या वाटेनं जाऊ नका. स्पर्धा कायदा, २००२ च्या तिसऱ्या कलमानं एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्यांनी मिळून भाव ठरवायला मनाई आहे, आणि वर वादक तोडायची धमकी दिलीत तर तक्रार करणाऱ्याचं काम सोपं होईल. ठराव लिहून सह्या करणं तर मुळीच नको.

त्याऐवजी नव्या पोरांना हिशोब शिकवा. की-बोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड, साऊंड, टेम्पो, रात्रीचं जेवण, यांचा खर्च कसा काढायचा हे एका दुपारी सगळ्यांना बसवून दाखवा. भाव ज्याचा त्यानं ठरवावा. भाव पाडणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतःचा खर्च न मोजताच आकडा सांगतात, त्यांना मोजता आलं की आकडा आपोआप वर येतो. तुमची तारीख भरलेली असेल तर काम दुसऱ्या चांगल्या पार्टीकडं द्या, तेही देतील. आणि आयोजकाला सांगा की रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहे. सण-उत्सवात सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमच्या तारखेला ती आहे की नाही हे आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या. स्वस्तातली पार्टी नऊला मांडामांड सुरू करते आणि तीन गाण्यांत पोलीस येतात. तुम्ही सातला साऊंड लावून तयार असता, हे बोलताना पहिल्यांदा सांगा.